दुखण्याचे नाव

देवरूखला आमच्या शेजारचे अण्णा वारल्याची बातमी ते वारण्याच्या सहा वर्षे आधी एकदा येऊन गेली होती.

त्याचे असे झाले. अण्णांच्या पायांवर सूज येऊ लागली होती. माडीचा जिना चढताना धाप लागे, आणि रात्री तीन उशा घेतल्याखेरीज त्यांना पडवत नसे. एका डॉक्टरांनी तपासून औषध सुरू केले व डोंबिवलीस असलेल्या त्यांच्या थोरल्या मुलाला फोन करून सांगितले, "तुमच्या वडिलांना हार्ट फेल्युअर आहे. सवडीने एकदा येऊन जा." मुलाने पहिले वाक्य ऐकले. दुसरे त्याच्या कानात शिरलेच नाही. मराठी माणसाला 'हार्ट फेल' ह्या शब्दांचा एकच अर्थ ठाऊक असतो. त्या रात्री भाड्याची गाडी करून सात माणसे निघाली आणि दिवस उजाडताना संगमेश्वरवरून देवरूखला पोचली. गाडीतून उतरता उतरताच बायकांनी गळा काढला. अण्णा पडवीत बसून पेज पीत होते. रडणे ऐकून त्यांनी वाटी खाली ठेवली आणि काळजीने विचारले, "काय रे, कोण गेलं?"

पुढे कित्येक दिवस आम्ही हे सांगून हसत होतो. अण्णा तर स्वतःच रंगवून सांगत, आणि आपल्यामागे कोण किती रडेल हे पाहून ठेवलेला पंचक्रोशीतला मी एकटाच, अशी वर पुस्ती जोडत. पण त्या मुलाची ती रात्र मला पुष्कळदा आठवते. पनवेलपासून संगमेश्वरपर्यंत तो पोरका होता. ती रात्र कोणाच्या खाती मांडायची? डॉक्टर खोटे बोलले नव्हते. शास्त्राप्रमाणे शब्द अगदी बिनचूक होता. हृदय थांबलेले नाही. त्याचा जोर कमी पडतो आहे, त्यामुळे पाणी फुप्फुसांत आणि पायांत साठते आहे, इतकाच त्याचा अर्थ. मीठ कमी करावे, गोळ्या वेळेवर घ्याव्या; अशी माणसे वर्षानुवर्षे पेज पितात. मुलानेही काही चुकीचे ऐकले नव्हते. आपल्याकडे परीक्षेत फेल, ब्रेक फेल, हार्ट फेल. एकदा फेल म्हणजे संपले. एकाने खरे सांगितले, दुसऱ्याने नीट ऐकले, आणि दोघांच्या मधल्या तारेवर एक मेलेला माणूस तयार झाला.

तेव्हापासून मला दुखण्यांच्या नावांचा नाद लागला आहे. नाद म्हणजे कोणी रिपोर्ट घेऊन आले की तो वाचायचा, घरातल्या जाडजूड कोशात शब्द शोधायचा, त्याची मुळे उकरायची. ह्या उद्योगात करमणूक पुष्कळ होते, हे आधीच कबूल करतो.

आता मलेरिया घ्या. हा शब्द इटालियन, आणि त्याचा अर्थ 'वाईट हवा'. दलदलीवरून येणाऱ्या कुबट हवेने ताप येतो अशी समजूत होती, तीच नावात गोठली. १८९७ साली रोनाल्ड रॉस ह्यांनी सिकंदराबादेस डासाच्या पोटात ह्या तापाचे जंतू पाहिले आणि हवा निर्दोष सुटली; नाव मात्र तिच्यावर तसेच राहिले. आमच्या आजीने ह्याच दुखण्याला 'हिवताप' म्हटले असते. तिने कारण सांगण्याचा आव आणला नाही. आधी हीव भरते, मग ताप चढतो. अंथरुणावरच्या माणसाला जे कळले तेवढेच तिने नावात ठेवले. शास्त्र बदलले तरी हा शब्द खोटा पडत नाही. आपली कितीतरी जुनी नावे अशीच भोगणाऱ्याच्या बाजूने ठेवलेली आहेत. 'बाई अडली' असे कोणी धावत येऊन सांगितले की सुईणीपासून बैलगाडीवाल्यापर्यंत सगळ्यांना सगळे कळत असे. त्या दोन शब्दांत रोगही होता, घाईही होती, आणि आता आपण काय करायचे तेही होते. इंदिराबाई हळबे ह्यांनी १९५४ साली देवरूखला लहानशा प्रसूतिगृहापासून मातृमंदिराचे काम सुरू केले. अडलेल्या बाईला त्यामुळे गावातच दार मिळाले. इंदिराबाईंना सारा मुलूख 'मावशी' म्हणत असे. मला तर 'मावशी' हा कोकणातल्या वैद्यकाचा पहिला पारिभाषिक शब्द वाटतो, आणि त्याचा अर्थ कधी कोणाला विचारावा लागलेला नाही.

पण जुन्या शब्दांची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. त्यांनीही छळ केलेला आहे. 'देवी' पाहा. रोगाला देवतेचे नाव दिले की माणूस औषधाऐवजी नवस बोलतो. १८०२ सालच्या जून महिन्यात मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली. हिंदुस्थानातले ते पहिले टोचणे. त्यानंतर भारत देवीमुक्त झाल्याचे जाहीर व्हायला १९७७ साल उजाडले. पावणेदोनशे वर्षे लागायला कारणे अनेक होती, पण देवीचा कोप होईल म्हणून मुलाला माळ्यावर दडवून ठेवणारी आई त्या नावामुळेच दडवीत होती. आणि गंमत अशी की लोकांनी लशीलाही त्याच नावात ओढले. टोचून घेण्याला ते 'देवी काढणे' म्हणू लागले, आणि टोचणारा सरकारी माणूस झाला 'देवीचा डॉक्टर'. म्हणजे जिला घालवायचे तिचाच डॉक्टर! भाषेने येथे शास्त्राला मागल्या दाराने घरात घेतले, असेही म्हणता येईल.

शास्त्राचे शब्दही काही फार सोवळे नाहीत. रक्तदाबाच्या बहुतेक रोग्यांच्या दाबाला इंग्रजीत 'इसेन्शियल' असे विशेषण लावतात. एकेकाळी वैद्यांना वाटे, वय झाले की वाढलेला दाब शरीराला आवश्यकच असतो. ती कल्पना केव्हाच गेली. आता त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की नेमके एक कारण दाखवता येत नाही. 'इडिओपॅथिक' हा ग्रीक शब्द त्याचाच सख्खा भाऊ. डॉक्टरांनी तो भारदस्त आवाजात उच्चारला की नातेवाईक समाधानाने मान डोलावतात. चला, निदान झाले! मराठीत त्याला 'अज्ञातहेतुक' म्हणता येईल, आणि पडवीतल्या भाषेत, 'का झाले ते आम्हाला माहीत नाही.' चरकाने आणि त्याच्यामागून वाग्भटाने एक शहाणपणाची गोष्ट सांगून ठेवली आहे. एखाद्या विकाराला नाव देता आले नाही तर वैद्याने त्याची लाज धरू नये, कारण सगळ्याच विकारांना ठरलेली नावे नसतात. 'माहीत नाही' हे वाक्य लाज न वाटता बोलता यावे ह्यासाठी त्यांनी खास मुभा दिली. आपण त्या वाक्यावर ग्रीक शाल घातली.

भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाल्यावर शास्त्राशास्त्रांचे परिभाषा कोश निघाले. त्यांची थट्टाही पुष्कळ झाली. मी त्या थट्टेत सामील नाही. इंग्रजीत 'अक्यूट' आणि 'क्रॉनिक' म्हणतात त्यांना आपण 'तीव्र' आणि 'जुनाट' म्हणतो. 'जुनाट' हा शब्द कुळथाच्या पिठल्यासारखा घरचा आहे, सांगताच पोटात जातो. 'तीव्र'चे मात्र जमले नाही. 'अक्यूट' म्हणजे अचानक उद्भवलेले. ते सौम्यही असू शकते. 'तीव्र' ऐकले की घरच्यांचा चेहरा उतरतो. पण ही कारागिराची चूक आहे, करता करता सुधारेल. मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. रोगाचे नाव रोगाला सोडून माणसाला चिकटते तेव्हा काय होते?

आमच्या लहानपणी रस्त्यावरच्या एका भिकाऱ्याला सगळे 'महारोगी' म्हणत. त्याला दुसरे नाव असेल असे आम्हा मुलांना कधी वाटलेच नाही. नॉर्वेच्या हान्सेनने त्या रोगाचा जंतू १८७३ साली शोधला होता. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याला 'महारोगी सेवा समिती' स्थापिली आणि आनंदवन उभे केले. तो तिरस्काराचा शब्द त्यांनी टाळला नाही, उचलून सेवेच्या पाटीवर लिहिला. पुढे रोग औषधाने पूर्ण बरा होऊ लागला, 'कुष्ठरोग' हा सौम्य शब्द रूढ झाला. तरी कायद्याचे पुस्तक जुनेच वाचत होते. १८९८चा इंग्रजांनी केलेला महारोग्यांचा कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि हा रोग घटस्फोटाचे कारण म्हणून लावता येणार नाही अशी दुरुस्ती व्हायला २०१९ साल यावे लागले. गोळी खाऊन जंतू मरतो. शब्दावर गोळी नाही. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचेच पाहा ना. नाव बदलले, कायदाही १९१२, १९८७, २०१७ असा तीनदा नवा झाला. पण आमच्या घरी कोणी वेड्यासारखे बोलले की 'ह्याला रत्नागिरीस पोचवा' हे वाक्य ठरलेले. बिचारे रत्नागिरी! तिथे कोर्ट आहे, कचेरी आहे, टिळकांचे जन्मघर आहे. पण आवाज जरा खाली आणून गावाचे नाव घेतले की त्याचा अर्थ एकच.

हे सगळे जुने झाले असे म्हणावे तर २०२० साल फार दूर नाही. त्या वर्षी 'पॉझिटिव्ह' हे माणसाचे नाव झाले. 'त्यांच्याकडचा पॉझिटिव्ह आहे' असे म्हणत. सरकारी कागदावर 'अलगीकरण' आणि 'विलगीकरण' असे दोन वेगळे शब्द होते. पहिला संशयिताला, दुसरा रोग्याला. गावात दोन्हींचे मिळून 'कोरंटाईन' झाले. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याकडे, त्याला खोकला असो वा नसो, सख्खा भाऊ अंगणाबाहेरून पाहू लागला. मूळ इटालियन शब्दात चाळीस दिवस आहेत. जहाजे बंदराबाहेर तितके दिवस उभी करीत. आमच्याकडे काही नाती त्याहून बराच काळ बाहेर उभी राहिली.

आणि नावामुळे माकडेही सुटलेली नाहीत. २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे जो ताप आला त्याला कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलाचे नाव आहे, १९५७ साली तो तिथे सापडला म्हणून. लोकांच्या तोंडी तो झाला 'माकडताप'. खरे तर हा ताप पसरवते गोचीड. माकड बापडे त्याच तापाने मरते. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये, कळवावे, एवढे त्या शब्दातून कळले तर ठीक. पण जिवंत माकडाला दगड मारून रोग जाईल असे वाटले तर शब्दाने घात केला. उलट आमच्या भातशेतीतला 'लेप्टो'. हा शब्द कोणावर आळ घेत नाही, पण सांगतही काही नाही. ग्रीकात त्याचा अर्थ 'बारीक'. पायाला चीर पडलेली असताना चिखलात उतरणाऱ्या माणसाला ह्या 'बारीक'चा उपयोग काय? त्याला सांगायला हवे, की उंदराच्या मुतातून हे पाण्यात येते आणि जखमेतून अंगात शिरते. पाय झाकून उतर, ताप आला तर दवाखान्यात ये, आणि लावणीला गेलो होतो हे आपण होऊन सांग. माझ्या मते 'लेप्टो' ह्या शब्दाचा अर्थ हाच. कोशात तो सापडायचा नाही. उद्या सकाळी उठून मी काय करायचे, ह्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत रोग्याला शब्दाचा अर्थ कळला असे मी मानीत नाही.

असे मी मोठ्या तोंडाने म्हणतो आहे खरा. आता आत्याची गोष्ट सांगतो. ती टाळून हा लेख लिहिता आला असता, पण मग तो लिहिण्यात अर्थ नव्हता.

आत्या साखरप्याची, लग्न होऊन देवरूखला आली, आणि विधवा झाल्यावर आमच्याच घरी राहू लागली. एका दिवाळीनंतर तिच्या छातीत गाठ लागली. परगावच्या एका मोठ्या रुग्णालयात तुकडा काढून तपासला. डॉक्टर वयाने तरुण, वागायला सौजन्याचे. त्यांनी रिपोर्ट पुढे ठेवून पाऊण तास समजावले. पण त्यांची मराठी बेताची आणि आत्याला इंग्रजी नाही. तेव्हा मधे मी. ते सांगत होते की गाठ कर्करोगाची आहे, काखेतही शिरली आहे, शस्त्रक्रिया करू, पुढे सहा महिने औषधे चालतील, त्यांनी अंगातले बळ जाईल, आणि पुढचे काय ते आज नक्की सांगता येणार नाही. मी आत्याकडे वळून म्हणालो, "गाठ आहे. काढून टाकली की झालं."

मग संमतीचा कागद आला. 'मला माझ्या भाषेत सर्व समजावून सांगण्यात आले आहे' असे त्यावर छापलेले होते. आत्याने चष्मा मागितला नाही. माझ्याकडे एकदा पाहिले आणि सही केली. उपचाराचे स्वरूप, त्याचा लाभ, धोका, दुसरे मार्ग, हे सारे पुरेसे कळल्याखेरीज दिलेली संमती ही संमती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निकालात सांगितले आहे. तो निकाल डॉक्टरांना उद्देशून आहे. आमच्या डॉक्टरांनी तो अक्षरशः पाळला होता. दुभाष्यांसाठी मात्र अजून निकाल नाही.

मी तसे का केले? आत्या खचेल म्हणून, असे मी तेव्हा सगळ्यांना सांगितले आणि सगळ्यांनी माना हलवल्या. आपल्याकडे हे चालतेच. रोग्याखेरीज घरातल्या सगळ्यांना रोग ठाऊक असतो, आणि त्याला आपण माया म्हणतो. मायेचा भाग त्यात होताच, नाकारीत नाही. पण नीट आठवून पाहिले तर त्या खोलीत मला भीती वाटत होती ती तिच्या चेहऱ्याची. तो शब्द उच्चारल्यावर तो चेहरा मला पाहावा लागला असता. मी तिला वाचवले नाही, स्वतःला वाचवले.

ह्यात कोणाचे काय बिघडले, असेही कोणी विचारील. बिघडले ते असे. मार्लेश्वराचे लग्न दर संक्रांतीला साखरप्याच्या गिरिजादेवीशी लागते. साखरप्याहून देवीची पालखी मारळला जाते. आत्या स्वतःला नवरीकडची समजे. लग्न झाल्यापासून तिने ही वारी फारशी चुकवली नव्हती. गाठ सापडली त्या वर्षी शस्त्रक्रिया डिसेंबरच्या अखेरीस ठरत होती. तिने विचारले, "संक्रांत झाल्यावर गेलं तर चालणार नाही का रे?" डॉक्टरांना मी हे विचारलेसुद्धा नाही. म्हणालो, "ह्या वर्षी राहू दे. पुढल्या वर्षी जा की." ती लगेच कबूल झाली. गाठ काढली की झाले, मग पुढचे वर्ष कुठे पळते आहे? पुढच्या संक्रांतीला मार्लेश्वराच्या पायऱ्या चढण्याचे बळ तिच्यात उरले नव्हते. खऱ्या शब्दानिशी तिने तोल करून पाहिला असता. कदाचित शस्त्रक्रियाच आधी केली असती, कदाचित तीन आठवडे थांबली असती. डॉक्टर काय म्हणाले असते हेही मी सांगू शकत नाही. पण तो तोल करण्याचा हक्क तिचा होता, आणि माझ्या एका वाक्याने तो माझ्याकडे आला.

त्या संक्रांतीच्या संध्याकाळी तिळाची वडी हातात घेऊन ती ओटीवर बसली होती. एकाएकी म्हणाली, "एक विचारू? तो डॉक्टर तेव्हा इतका वेळ बोलला, आणि तू मला एवढंच सांगितलंस?"

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. शब्द ठाऊक नव्हता, पण पाऊण तासाचे भाषांतर एका ओळीत होत नाही हे कळायला इंग्रजी यावे लागत नाही. वर्षभर ती माझ्यासाठी गप्प राहिली होती. मी तिला जपतो आहे असे मी समजत होतो, आणि जपत ती होती.

मी आत जाऊन फाइल आणली. आम्ही दिवा जवळ घेऊन बसलो. पहिल्या कागदावरचा पहिला मोठा शब्द मी वाचला आणि अर्थ सांगितला, "कर्करोग." ती काही बोलली नाही. मग मला सुचेना म्हणून मी माझ्या सवयीप्रमाणे शब्दाचे मूळ सांगू लागलो, की कर्क म्हणजे खेकडा. ग्रीक वैद्यांना गाठीभोवतालच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, तेव्हापासून हे नाव.

"कुर्ली," ती म्हणाली.

"हो, कुर्ली."

तिने छातीवर पदर सारखा केला. काही वेळाने विचारले, "आणि हा काखेतला म्हणालास तो कुठे लिहिलाय?" मी ओळ दाखवली. तिने त्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवले, ते बरोबर लागले आहे ना म्हणून माझ्याकडे पाहिले, आणि मग बोट एक ओळ खाली आणले.

"आता हा सांग."